फुटलेल्या कड्याचा मान

बोस्टनच्या दक्षिणेला क्विन्सी येथे ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी आहेत. बंकर हिलच्या २२१ फूट उंच स्मारकाचा दगड इथलाच. तो वाहून न्यायला १८२६ मध्ये घोड्यांनी ओढायची रेल्वे सुरू झाली; अमेरिकेतल्या अगदी आरंभीच्या रेल्वेमार्गांत तिची गणना होते. शेवटची खाण १९६३ मध्ये बंद पडली. खड्ड्यांत पाणी साठले, त्यात उड्या मारून कित्येक तरुण जिवाला मुकले, आणि पुढे बोस्टन शहराखाली बोगदे खणताना निघालेली माती टाकून मोठा खड्डा बुजवण्यात आला. आज ही जागा सार्वजनिक उद्यान आहे. रंगाच्या फवाऱ्यांनी माखलेल्या भिंतींवर कुणी दोर लावून चढते, कुणी बुटक्या खडकांवर दोराविना, म्हणजे बोल्डरिंग करते. गिर्यारोहकांचा एक दंडक आहे: बोट टेकायला जागा नसली तरी छिन्नीने खाच पाडायची नाही. खाणीत हा दंडक वरवर पाहता निरर्थक वाटतो. जिथे पाचरी ठोकण्यासाठी पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या पन्हळी अजून ओळीने दिसतात, जिथला कंगोरा न् कंगोरा माणसाच्या हत्याराने घडला, तिथे आणखी एका खाचेने काय बिघडणार?

निसर्ग पवित्र आहे म्हणून त्याला हात लावू नये, हे उत्तर इथे टिकत नाही. हात केव्हाच लागला आहे. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, तिचे विसर्जन करतात. मूर्तीपुरता हा संकेत समजण्यासारखा आहे, कारण तिथे प्रतिष्ठा आकाराची असते. पण आदर फक्त अखंडाला, हा नियम आपण नकळत जमिनीलाही लावतो. डोंगर एकदा फोडला की त्याचे कुणी काही देणे लागत नाही, मग तिथे कचरा टाकायलाही मन कचरत नाही. चढणाऱ्यांचा दंडक या समजुतीला छेद देतो. बहुतेक बुटक्या खडकांच्या माथ्यावर मागच्या बाजूने सहज जाता येते, आणि वर मिळवण्यासारखे काहीही नसते. चढणारा आलेला असतो तो समोरचा दगड आहे तसा आपल्या शरीराला पेलतो का, एवढेच पाहायला. हा प्रश्न विचारताना तो कंगोरा वाऱ्यापावसाने घडला की सुरुंगाने, याने फरक पडत नाही. खाच पाडली की मात्र प्रश्नच नष्ट होतो, आणि तोही एकट्यापुरता नव्हे. आज अशक्य वाटणारी वाट उद्या चढून जाणाऱ्या प्रत्येकाचा.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. इथे दूरदेशांहून आलेल्या कामगारांनी दगडाची धूळ छातीत भरून घेत पोट भरले. त्यांच्या घावांना जखम म्हणायचे आणि सुट्टीच्या दिवशी चढणाऱ्यांच्या संयमाला धर्म, हा उद्धटपणा नाही का? असे म्हटले तर तो उद्धटपणाच ठरेल. पण दगड फोडणे पाप आहे, असा माझा दावा नाही. वेरूळचे कैलास लेणेही दगड काढून टाकूनच उभे राहिले. पाथरवटाचा घाव गरजेतून येतो. चढणाऱ्याची खाच केवळ अधीरपणातून. उलट त्या अर्ध्या पन्हळी जशाच्या तशा राखण्यात कामगारांच्या हाताचीही बूज राहते. चढण्यानेही दगड झिजतोच, बोटांना लावलेल्या खडूचे डाग पडतात, हेही खरे. ते डाग ब्रशने पुसावेत. झीज मात्र पत्करावी लागते. पण नाइलाजाने होणारी झीज आणि ठरवून मारलेला घाव यांना एका मापाने मोजता येत नाही.

म्हणून खाणीतही छिन्नी नको. चढता आले नाही तर वाट तशीच ठेवून परतावे. आणि आपल्या गावाजवळच्या बंद खाणीचे काय करायचे हे ठरत असताना ‘ती तर आधीच फुटलेली आहे’ असे कारण कुणी पुढे केले, तर ते मान्य करू नये.