'आय ॲग्री'नंतर

माझ्या आजीला कंपवात होता. कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत सांडायचा. तिच्या मेंदूत नेमकं काय बिघडलंय, हे डोकं उघडून बघणं शक्य नव्हतं.

मेंदूच्या बहुतेक आजारांत हीच अडचण येते. २००६ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनी वेगळी वाट दाखवली. उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांनी त्या जणू फॅक्टरी रिसेट केल्या. पुढच्याच वर्षी माणसाच्याही. अशा मूळपेशीपासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी घडवता येते. २००८ मध्ये अमेरिकेत, एएलएस झालेल्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या त्वचेपासून मोटर न्यूरॉन तयार झाले. या आजारात मरतात तशाच पेशी, आता काचेच्या बशीत जिवंत.

पण त्वचेचा तुकडा देताना माणूस नक्की कशाला 'हो' म्हणतो?

मी ॲपमध्ये 'आय ॲग्री'ची बटणं बनवतो. वरचा मजकूर कोणी वाचत नाही, हे मला माहीत आहे. तरी आमच्याकडे निदान 'डिलीट अकाउंट' असतं. पेशी मात्र वाढत राहतात, एका प्रयोगशाळेतून दुसरीत जातात, रुग्ण गेल्यावरही. त्यांचं पुढे काय होईल, हे सही घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा पेशींपासून वाढवलेले मेंदूच्या ऊतींचे गोळे उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत रोवले. त्यात टिमथी सिंड्रोम या दुर्मिळ आजाराच्या रुग्णांच्या पेशीही होत्या. पुढे उंदरांच्या मिशा हलवल्या की आतल्या मानवी चेतापेशी प्रतिसाद देत. २००८ मध्ये सही करणाऱ्याला हे सुचलं तरी असतं का? शिवाय जनुकं एकट्याची नसतात. सही एकाची, माहिती भावंडांचीही.

दर वेळी परवानगी मागत बसलो तर संशोधन अडेल, हे खरं. त्या उशिराची किंमतही रुग्णच मोजतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाला नको. पण वापराचा प्रकारच बदलला, पेशी प्राण्याच्या मेंदूत जाणार असतील किंवा कंपनीला विकल्या जाणार असतील, तर परत विचारावं. रुग्ण हयात नसेल, तर त्याने आधीच नेमलेल्या घरच्या माणसाला. अटी बदलल्या की साधं ॲपसुद्धा पुन्हा विचारतं.

आजीला कोणी विचारलं असतं, तर तिने "घे बाबा" म्हणत थरथरता हात पुढे केला असता. पण इतक्या सहज 'हो' म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा विचारायची गरज नाही, असं मला वाटत नाही.