टाळेबंदी, एकांत आणि स्त्रीची दुपार

‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीला नवा नाही. मार्च २०२० पूर्वी तो कामगार चळवळीच्या परिभाषेत वावरत होता आणि मालकाने कारखान्याच्या दाराला लावलेले कुलूप असा त्याचा अर्थ होता. त्या टाळेबंदीत माणूस दाराबाहेर राही. २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या निर्बंधांना हाच शब्द लावला गेला, तेव्हा माणूस दाराच्या आत गेला. मालवण किनारपट्टीवरील घरांना या शब्दाच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पाठोपाठ अनेक चाकरमानी गावी परतले. २०२० च्या मे महिन्यात, वेगळ्या कारणाने, चाकरमान्यांची दुसरी मोठी परत-वाट या जिल्ह्याने पाहिली. दोन्ही वेळी एरवी बायकामाणसांच्या भरवशावर चालणारी घरे अकस्मात भरून गेली. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत सिंधुदुर्गात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. अशा भरलेल्या घरात स्त्रीच्या निर्मितिक्षमतेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत चर्चासत्रांतून आणि विशेषांकांतून हा प्रश्न साधारणपणे असा विचारला गेला: सर्जनशील स्त्रियांनी टाळेबंदीशी कसे जुळवून घेतले? या प्रश्नातील क्रियापदापाशी थोडे थांबावेसे वाटते. मराठीत ‘जुळवून घे’ हा उपदेश कोणाला केला जातो? सासरी निघालेल्या मुलीला. हे क्रियापद परिस्थितीला अचल मानते आणि व्यक्तीला लवचिक. शिवाय त्या लवचिकपणाला गुण ठरवते. प्रश्न असा मांडला की उत्तर आधीच ठरून जाते. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिहिलेली कविता, रात्री एक वाजता पूर्ण झालेली कथा, मुलांच्या ऑनलाइन तासांच्या फटीतून काढलेले चित्र यांची कौतुकाने नोंद होते. कौतुक खरेच असते. पण ज्या व्यवस्थेमुळे ती कविता ओट्यावर लिहावी लागली, ती व्यवस्था या कौतुकाआड निवांत बसून राहते. गैरसोयीचे रूपांतर सद्गुणात करणे हा नैतिक व्यवहार आहे, आणि समीक्षा त्यात नकळत भागीदार होते असे मला वाटते.

या भागीदारीच्या मुळाशी निर्मितिप्रक्रियेविषयीची एक जुनी धारणा आहे. स्वच्छंदतावादी काव्यविचारातून आपल्याकडे रुजलेली ही धारणा सर्जनाचे नाते एकांताशी जोडते. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये स्त्री-लेखिकेसाठी स्वतःच्या खोलीची आणि स्वतःच्या उत्पन्नाची अट मांडली, तीही आपण याच धारणेत सामावून घेतली. खोली लक्षात ठेवली, उत्पन्नाकडे काहीसे दुर्लक्ष केले. त्यामुळे २०२० मध्ये ‘आता निवांत वेळ मिळाला, लिहून काढा’ असे लेखिकांना सांगणारे लोक दुष्ट नव्हते, ते एका सिद्धान्ताचे पाईक होते. घरात राहणे म्हणजे एकांत, आणि एकांत म्हणजे निर्मिती, असे ते सरळ समीकरण होते.

एकांत, एकटेपण आणि कोंडी यांत भेद केल्याशिवाय या समीकरणातील चूक दिसत नाही. एकांताच्या दाराची कडी आतून असते. ती लावणे आणि काढणे आपल्या हाती असते. एकटेपणात दार उघडे असूनही कोणी येत नाही. कोंडीत कडी बाहेरून लागलेली असते, आणि आत आपण एकटे असूच असेही नाही. टाळेबंदीत बहुसंख्य मध्यमवर्गीय व निम्नमध्यमवर्गीय स्त्रियांच्या वाट्याला जे आले, ते गर्दीने भरलेल्या कोंडीच्या जातीचे होते. कोंडीच्या अधिक भीषण रूपाचा, घरातल्या हिंसेचा, येथे केवळ उल्लेख करते. एप्रिल २०२० मध्येच राष्ट्रीय महिला आयोगाने अशा तक्रारी वाढल्याचे सांगितले होते.

मग या स्त्रियांना आधी एकांत होता का? खोली नव्हतीच. होती ती दुपार. आपल्या समीक्षेने या वेळेची पुरेशी दखल घेतलेली नाही. जेवणे उरकली, भांडी झाली, पुरुष कामावर आणि मुले शाळेत आहेत, आणि चहाचे आधण ठेवायला अजून अवकाश आहे, असा दीड-दोन तासांचा तुकडा. त्यावर कोणाचा हक्क नव्हता, म्हणून तो तिचा होता. विसाव्या शतकातील मराठी स्त्रीचे कितीतरी वाचन, भरतकाम, पत्रलेखन आणि कथालेखन या तुकड्यात झाले असावे. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हे आकडे २०१९ चे, म्हणजे टाळेबंदीपूर्वीचे आहेत. पुढे घरातली सारी माणसे चोवीस तास घरात आली, तेव्हा प्रथम गेली ती दुपार. चहा तीनदा होऊ लागला. ज्या पडवीत दोन तास कोणी फिरकत नव्हते, तेथे कोणाची तरी बैठक चालू राहिली. खोली काढून घेतली तर भांडण तरी करता येते. दुपार गेल्याची तक्रार कोणाकडे करावी?

येथे मालवण परिसरापुरती एक वेगळी गोष्ट नोंदवावी लागते. या किनाऱ्याला वार्षिक बंदीची सवय आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाने रस्ते आणि अंगणे ओस पडतात. त्याआधी आगोटची बेगमी होते: सुकी मासळी, मसाला, आमसुले, फणसाची साठे, पापड. २०२० ची टाळेबंदी नेमकी या बेगमीच्या दिवसांवर आली. त्यामुळे ‘कोकणातल्या बायकांना बंद घराची सवयच आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ऋतूने घातलेल्या बंदीला शेवट असतो आणि तो पंचांगात छापलेला असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की दिवस पालटतात. शेवट ठाऊक असलेल्या वाट पाहण्यात एक लय असते, तिच्यात गाणे बसते. २०२० साली ३ ऑगस्टला नारळी पौर्णिमा आली आणि गेली. निर्बंध मात्र पुढे सरकत राहिले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा टाळेबंदी आली आणि मे २०२१ च्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी बाई, जिचा अर्धा दिवस घराबाहेर जाई आणि जिच्या बोलण्यात बाजाराची सारी मिश्किली असे, तिच्यासाठी घर हे विश्रांतीचे स्थळ होते. ते तिचे एकमेव स्थळ झाले, तेव्हा तिला निवांतपणा लाभला असे कोण म्हणेल?

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. बंदिवासातून थोर ग्रंथ निर्माण झाले आहेत; मग बंधन निर्मितीला मारक असते असे कसे म्हणावे? लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. या उदाहरणांचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण तुरुंग आणि टाळेबंदीतले घर यांत एक साधा फरक आहे, आणि तो साधा असल्यामुळेच सुटतो. तुरुंगात माणसापासून स्वातंत्र्य काढून घेतले जाते, त्याबरोबर संसारही काढून घेतला जातो. मंडालेत टिळकांच्या स्वयंपाकासाठी एक कैदी दिलेला होता. आजारी सासऱ्याची औषधाची वेळ, गॅस सिलिंडरची नोंदणी, धाकट्याचा गणिताचा तास यांपैकी काही त्या कोठडीत शिरत नव्हते. टाळेबंदीतल्या घरात मात्र स्वातंत्र्य गेले आणि संसार दुप्पट झाला.

‘श्यामची आई’चे उदाहरण तर अधिक विचार करायला लावते. त्या पुस्तकातील आई कोकणातली, पालगडची. दळण, कांडण, अंगणसारवण, देणेकऱ्यांचे तगादे, आजारपण यांत तिचे आयुष्य सरले. तिच्या आयुष्याचे सारस्वत झाले ते तिच्या मुलाला कोठडीत सलग पाच दिवस मिळाले तेव्हा. ज्या घराने सारी सामग्री पुरवली, त्या घरात लिहिण्याचे पाच दिवस कोणालाच नव्हते. गुरुजींना याची जाणीव नसेल असे म्हणवत नाही. स्त्रियांच्या ओव्यांचा ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह त्यांनीच सिद्ध केला.

ओवीचा विषय निघाला की एकांताचा सिद्धान्त आणखी डळमळतो. जात्यावरच्या ओव्या दोघी समोरासमोर बसून म्हणत. एकीने उचललेली ओळ दुसरी पूर्ण करी. बहिणाबाई चौधरींची गाणी शेतातल्या आणि घरातल्या कामासोबत सुचली, इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ही निर्मिती संगतीतली आहे. सिंधुदुर्गात दशावताराच्या रंगभूमीवर परंपरेने स्त्री-भूमिकाही पुरुषच करीत आले. बायकांची रंगभूमी म्हणजे गणपतीसमोरची फुगडी. जुन्या चालीवर नवे शब्द बसवणारी, गावातल्या कोणाची खोडी काढणारी, सासूवरचा राग हसत सांगणारी ही संहिता दोघींचे हात एकमेकींच्या हातांत गुंफल्याशिवाय उभीच राहत नाही. तोल दुसरीच्या वजनावर असतो. २२ ऑगस्ट २०२० ला चतुर्थी आली ती अंतर राखण्याच्या नियमांसह. कविता ऑनलाइन वाचता येते, आणि त्या काळात ती भरपूर वाचली गेली. फुगडीला पडद्यावर घालता येत नाही. स्पर्शाची मनाई या स्त्रियांना नवी होती असेही नाही. महिन्यातले तीन दिवस आणि बाळंतपणाचे दहा दिवस वेगळे बसण्याचा अनुभव त्यांच्या आयांना-आज्यांना होता. विलगीकरण हा शब्द नवा, बाजूला बसणे जुने.

२०२० सालीच या जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीची बातमी गाजली. मोबाइलचे नेटवर्क मिळावे म्हणून घरच्यांनी तिला डोंगरावर खोपी उभारून दिली आणि ऐन पावसात ती तेथे बसून शिकली. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचे कौतुक केले, ते योग्यच होते. मला त्या खोपीत वुल्फची खोली दिसते, आणि लगेच प्रश्न पडतो: परीक्षेऐवजी कवितेसाठी ती मागितली असती तर मिळाली असती का? शिक्षणाला समाजमान्य प्रयोजन आहे, त्यामुळे घर त्यासाठी डोंगर चढते. स्त्रीच्या निर्मितीला असे प्रयोजन अजून मिळालेले नाही. पुरस्कार मिळाल्यावर ते पूर्वलक्षी पद्धतीने मिळते.

त्या काळात लिहिल्या गेलेल्या मजकुराकडे आता कसे पाहावे? आशयसूत्रांची यादी करून ‘टाळेबंदीचे साहित्य’ असा कप्पा पाडणे सोपे आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधिकांत तो पडतोही आहे. आशयापेक्षा रूपबंध अधिक बोलका ठरेल असे मला वाटते. मोबाइलवर अंगठ्याने लिहिलेल्या आठ-दहा ओळी. मध्येच तुटलेली आणि तशीच ठेवलेली वाक्ये. मैत्रिणीला पाठवलेला ध्वनिसंदेश, जो पुढे ललित लेख झाला आणि ज्यातला बोलण्याचा सूर संपादनातही गेला नाही. या त्रुटितपणाला आधुनिकतावादी तंत्र म्हणून गौरवण्याची घाई करू नये. तो वेळेच्या तुकड्यांचा ठसा आहे. एखादीने त्या ठशातूनच रूप घडवले असेल, तर ते यश तिचे. त्याचे श्रेय कोंडीच्या खाती जमा करण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. जी कादंबरी त्या दोन वर्षांत लिहिलीच गेली नाही, तिच्याविषयी समीक्षेला काय म्हणता येते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. समीक्षेचे सारे शास्त्र उपलब्ध संहितेवर उभे असल्याने न-लेखनासाठी आपल्याकडे परिभाषा नाही. लेखिकांच्या मुलाखती घेणारे विद्यार्थी ‘त्या काळात काय लिहिलेत?’ असे विचारतात. ‘दुपारी घरात कोण कोण असे?’ असे विचारून पाहिले, तर उत्तरे लांबतात, आणि बोलताना आवाजही बदलतो.

एप्रिल २०२२ च्या आरंभी राज्यातील निर्बंध उठले आणि त्या वर्षीच्या गणपतीत फुगडीचे हात पुन्हा जुळले. त्या फुगड्यांत या दोन वर्षांचे काय आले आणि काय गाळले गेले, हे टिपायला कोणी वही घेऊन वाड्यांवर गेले असेल तर ती वही पाहायला मला आवडेल. टिपणाऱ्याने शब्दांबरोबर एवढेही लिहून ठेवावे: कोणाच्या खळ्यात, किती वाजता, आणि तेव्हा घरातली चूल कोण सांभाळत होते.