धसका

पोरगं झोपेत दचकू लागलं, खाणं तुटलं, की घरातली म्हातारी म्हणते, ‘धसका घेतलाय त्यानं.’ अमेरिकी मानसोपचारशास्त्राने अशाच धसक्यासाठी आघातोत्तर ताणविकार हे नाव अधिकृत निदानसूचीत घातलं ते १९८० साली. तेव्हा अमेरिकेसमोर व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. शिरूर-दौंडच्या माळावरचं पारध्यांचं पाल कोणाला आठवणार?

एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला रांजणगावचे कारखाने, पलीकडे दौंडचं जंक्शन, आणि गावकुसाबाहेर फासेपारध्यांच्या वस्त्या. आसपास घरफोडी झाली की पहिली झडती पालावर, हे या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे. रात्री कुत्री भुंकतात, बॅटरीचा झोत तोंडावर येतो, बापाला उठवून नेतात. हे बघत वाढलेलं पोरगं पंधराव्या वर्षी स्वतःच गुन्ह्यात सापडलं, तर ठाण्यात ते मख्ख बसतं. वेळ-वार जुळत नाही, कोणी हात उचलला की अंगावर येतं. शेरा तयार असतो: ‘सराईत आहे.’ पण बधिरपणा, तुटक आठवण आणि क्षणात भडकणं ही धसक्याचीही लक्षणं आहेत. शिकागोच्या बालबंदीगृहातल्या ८९८ मुलामुलींच्या पाहणीत, २००४ साली छापलेल्या निष्कर्षानुसार, ९२.५ टक्के मुलांनी किमान एक मोठा आघात सोसला होता, आणि दर नऊ मुलांत जवळपास एकाला आघातोत्तर ताणविकार होता.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींच्या जन्मालाच गुन्हा ठरवलं. १९११ च्या सुधारित कायद्याने तर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवायची मुभा दिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभर रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला, पण नजरेतला राहिला.

२०१५ चा बाल न्याय कायदा मात्र शहाणा आहे. मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं, त्याला गुन्हेगार म्हणायचं नाही. पण सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल तर कलम १५ प्रमाणे त्याची समज आणि मानसिक क्षमता जोखली जाते. तिथे मख्ख चेहऱ्याचा अर्थ लावताना चूक झाली, तर पोराला मोठ्यांच्या खटल्याला सामोरं जावं लागू शकतं.

म्हणून गुन्हा माफ करा, असं नाही. पोराने ज्या म्हातारीच्या गळ्यातलं डोरलं ओढलं, तिनेही धसका घेतलाय. तिला न्याय हवाच. पण पोराचा धसका न बघता दिलेली शिक्षा पुढच्या म्हातारीला वाचवत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात आलिशान मोटारीखाली दोन जीव गेले. सतरा वर्षांच्या चालकाला जामिनासोबत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देश खवळला. खवळायलाच हवं होतं. पण पालावरच्या पोराच्या बाबतीत एक निबंध आपल्याला लिहावा लागतो. परिवीक्षा अधिकाऱ्याने मंडळासाठी लिहायचा सामाजिक तपासणी अहवाल म्हणजे तोच निबंध. घरी कोण, शाळा कधी सुटली, मार कोणाचा खाल्ला, रात्री झोप येते का. एका बैठकीत हे कोणतंही पोर सांगत नाही. त्यासाठी पालावर जाऊन, चहा घेऊन, त्याच्या आजीशी बोलावं लागतं. आजीला निदानसूची माहीत नसते, पण पोराला काय झालंय हे ती एका शब्दात सांगू शकते.