छतावरचे ऊन आणि शेजाऱ्याचा अंधार

वीज गेली की प्रत्येक घर आधी आपल्यापुरती सोय पाहते. त्यात गैर काहीच नाही. घरात दम्याचा रुग्ण किंवा बारावीचा विद्यार्थी असताना आईबापांनी शेजाऱ्याचा विचार करीत अंधारात बसावे, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. माझ्या घरातला अंधार मला पैसे देऊन घालवता आला, की शेजारच्या अंधाराशी माझा संबंध संपतो का?

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षे वसईकर विसरलेले नसतील. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला होता, मागणी वाढत होती आणि त्या प्रमाणात नवी निर्मिती होत नव्हती. राज्याच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. आपल्याकडेही वेळापत्रक पाहूनच पाण्याचा पंप आणि मिक्सर चालवावा लागे. खाडीपलीकडे मुंबईत मात्र सहसा दिवे जात नसत, कारण तेथे वीज पुरविणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या. या पंक्तिप्रपंचाचा आपल्याला राग येई आणि तो रास्तच होता. पण त्याच काळात आपल्या आळीआळीतही एक लहानशी खाडी तयार झाली. एका काठावर इन्व्हर्टर असलेली घरे आणि दुसऱ्या काठावर नसलेली. तिच्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही.

इन्व्हर्टर वीज तयार करीत नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. तो लाइनमधूनच वीज घेतो, बॅटरीत साठवतो आणि या साठवणीत थोडी वाया घालवतो. वीज परत आली की आळीतल्या साऱ्या बॅटऱ्या एकाच वेळी चार्ज होऊ लागतात आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. म्हणजे टंचाईच्या दिवसांत माझी सोय दुसऱ्याच्या वाट्यातून, थोडीशी का होईना, वजा होत होती.

सौर ऊर्जेचे तसे नाही. ती खरोखर नवी भर घालते. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात; आपल्या पावसाळ्यात अर्थात बरीच कमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरगुती सौर छतांची योजना आणली. तिच्यात तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. बॅटरी नसलेल्या अशा घरात दुपारी उरलेली वीज लाइनमध्ये जाते आणि जवळच्याच घरांत वापरली जाते. तुमच्या पत्र्यावरचे ऊन शेजारणीचा फ्रीज चालवते.

मात्र येथे अनेकांची निराशा होते. लाइनची वीज गेली की बॅटरी नसलेला हा संचही आपोआप बंद पडतो. बाहेर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद! ‘मग एवढा खर्च कशाला केला?’ असे घरची माणसे विचारतात. कारण मोठे आहे. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला लाइन मेली आहे असे वाटत असते. आपल्या छतावरची वीज तेव्हा लाइनमध्ये शिरली तर त्याचा जीव जाऊ शकतो. तो खाली उतरेपर्यंत आपले पॅनेल गप्प बसते. मला यात तक्रार करण्यासारखे काही दिसत नाही.

ज्याला परवडते तो मग बॅटरीही घेतो. हेच सर्वांनी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे केले तर काय होते, हे पाकिस्तानात दिसले. वीज महाग आणि बेभरवशाची, तर चिनी पॅनेल स्वस्त. एकट्या २०२४ साली तेथे सुमारे १७,००० मेगावॉटची पॅनेल आयात झाली. ज्यांच्याकडे छत आणि भांडवल होते त्यांनी सुटका करून घेतली. वीजकेंद्रांचा आणि तारांचा ठरलेला खर्च मात्र कमी झाला नाही. तो उरलेल्यांच्या बिलात अधिक जड झाला. कोणी कोणाचे चोरले नाही, तरी गरिबाचे ओझे वाढले.

दहा कुमारींच्या दाखल्यात शहाण्या कुमारींनी आपले तेल दिले नाही, याकडे येथे कोणी बोट दाखवील. पण ते तेल अंतःकरणाच्या तयारीचे आहे. तशी तयारी कोणी कोणाला उसनी देऊ शकत नाही. उन्हाविषयी त्याच शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन आठवावे. तेथे सूर्य चांगल्या-वाईटांचा भेद न करता उगवतो. २००८ साली व्हॅटिकनमध्ये सुमारे २,४०० सौर पॅनेल बसविली गेली, तीही पोप महोदयांच्या सार्वजनिक भेटींच्या सभागृहावर.

इमारतीची गच्चीही सर्वांचीच असते. वरील योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान ठेवलेले आहे. पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सर्वांचे असतात. वीज गेल्यावर टाकीत पाणी चढले नाही, तर चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंचे हाल अधिक होतात. सोबत थोडी बॅटरी ठेवली तर जिन्यात उजेड राहील. बंगलेवाल्यांनाही ओट्यावर एक प्लग काढून ठेवणे जड नाही. शेजारच्या चाळीतल्या कोणाला रात्री नेब्युलायझर लावायचा असेल, तर त्याला दार ठोठावण्याचा संकोच तरी वाटणार नाही.

भाडेकरूचे कोडे मात्र मला सुटलेले नाही. छत मालकाचे, बिल भाडेकरूचे. मालकाला पॅनेल लावून फायदा नाही आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस दुसऱ्याच्या छतावर लाखभर रुपये घालणार नाही. आपल्या धर्मग्रामात घरे भाड्याने देणारी कुटुंबे आहेत आणि त्या घरांत राहणारी कुटुंबेही. दोघेही रविवारी एकाच बाकावर बसतात. मिस्सेनंतर आवारात पाच मिनिटे थांबून त्यांनी हा विषय एकमेकांशी काढला तर बरे होईल.