आईवरची वहिवाट

१९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेल्या मूळ निगेटिव्हवरून श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चा जीर्णोद्धार झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात तो फ्रान्समधील कान येथील महोत्सवात दाखविला गेला, तेव्हा त्या समारंभास जे निमंत्रित उपस्थित होते त्यांत चित्रपटाच्या दिवंगत नायिकेचा मुलगाही होता. चित्रपट १९७६ सालचा, मुलाचा जन्म १९८६ चा. पडद्यावरची बिंदू एका लहान मुलाची आई आहे. परंतु ते मूल प्रेक्षागृहात बसलेला हा मुलगा नव्हे. स्मिता पाटील यांच्या मांडीवर पडद्यावर जी मुले खेळली त्यांचा सहवास चित्रफितीत कायमचा नोंदला गेला. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या वाट्याला अवघे पंधरा दिवस आले, आणि त्या दिवसांची स्मृती कोणत्याही अर्भकाला राहत नाही.

स्मिताबाईंचा जन्म पुण्यातला, १७ ऑक्टोबर १९५५ चा. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातील शिरपूरचे स्वातंत्र्यसैनिक व समाजवादी कार्यकर्ते, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई याही त्याच विचारांच्या. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात मुलगी वाढली, ‘प्रभात’च्या जुन्या आवारात उभ्या राहिलेल्या चित्रपट संस्थेतील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात दिसली, मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचू लागली, आणि तेथून बेनेगलांच्या दृष्टीस पडली. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ यांसाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ साली पद्मश्री, आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी, प्रसूतीनंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीने, वयाच्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू. २८ नोव्हेंबरला जन्मलेला प्रतीक आजीआजोबांकडे वाढला. वडील राज बब्बर ख्यातनाम नट आणि पुढे खासदार. त्यांचे दुसरे कुटुंब होते.

ज्या सेवा दलाशी साने गुरुजींचे नाव अतूटपणे जोडलेले आहे, त्याच परंपरेतल्या घरात हे घडावे ही गोष्ट मला विचार करायला लावते. मातृप्रेमाची मराठी मनाची जी काही कल्पना आहे ती पुष्कळ अंशी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या ‘श्यामची आई’ने घडविली, आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाने ती घरोघर पोहोचविली. त्या पुस्तकात आई कोण होती हे मुलगा सांगतो, रात्रीमागून रात्र सांगतो, आणि भोवतालची मंडळी ऐकतात. आई गेली तेव्हा गुरुजी सतरा वर्षांचे होते. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे अमाप होते आणि ते इतर कोणापाशीही नव्हते, कारण कोकणातल्या त्या दरिद्री गृहिणीला तिच्या गावाबाहेर कोणी ओळखत नव्हते. पुत्राची स्मृती हाच तिच्या अस्तित्वाचा एकमेव दस्तऐवज होता. प्रतीकच्या बाबतीत ही सारी मांडणी उलटी झाली आहे. सांगणारे जग आहे आणि ऐकणारा मुलगा आहे. दिग्दर्शक सांगतात, सहकलाकार सांगतात, छायालेखक सांगतात, ज्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी एखाद्या चित्रपटगृहात तिला केवळ पडद्यावर पाहिले तेही डोळे पुसत सांगतात. आणि ज्याला या सर्वांहून अधिक ठाऊक असावे असे आपण गृहीत धरतो, त्याच्यापाशी स्वतःचे असे एकही वाक्य नाही.

आपल्या जुन्या महसुली व्यवहारात जमीन एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याचीच, असे प्रसंग वारंवार येत, आणि वहिवाट पुरेशी जुनी झाली म्हणजे मूळ मालकालाच आपला हक्क शाबीत करण्याची पाळी येई. प्रसिद्ध अभिनेत्रीच्या मुलाची स्थिती याहून निराळी नाही. रक्ताने आई त्याची. परंतु तिच्या चेहऱ्यावर, आवाजावर, तिच्या डोळ्यांतील त्या धगीवर लोकांची वहिवाट आहे, आणि लोक ती मोठ्या प्रेमाने पण अत्यंत दक्षतेने राखतात. प्रतीकने २००८ साली ‘जाने तू... या जाने ना’मध्ये पदार्पण केले, २०११ साली ‘धोबी घाट’मध्ये काम केले, तेव्हा त्याच्या अभिनयाची चर्चा करण्याआधी त्याचे डोळे आईसारखे आहेत की नाहीत याची चौकशी झाली. ही चौकशी करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांना त्यांची स्मिता परत हवी होती, आणि ती देण्याची जबाबदारी त्यांनी, त्याला न विचारता, एका तरुण मुलाच्या खांद्यावर ठेवली होती.

घरातही परिस्थिती सोपी असेल असे मला वाटत नाही. शिवाजीराव आणि विद्याताई यांनी जिला लहानाची मोठी केली ती मुलगी गमावली. नातवाने जी गमावली ती त्याला कधी लाभलीच नव्हती. ही दोन दुःखे एका छपराखाली राहत असली तरी एकजीव होऊ शकत नाहीत. पहिल्या दुःखाला आठवणींचा आधार असतो, जुन्या वह्या, साड्या, शाळेतील बक्षिसे यांच्याभोवती त्याला बसता येते. दुसऱ्याला मात्र कशाभोवती बसावे हेच कळत नाही. उतारवयात पुन्हा एकदा तान्हे बाळ सांभाळायला उभ्या राहिलेल्या त्या दांपत्याविषयी मला नितांत आदर वाटतो, आणि स्मिता पाटील यांच्यावर जे विपुल लेखन झाले त्यात या दुसऱ्या संगोपनाला मिळालेली जागा फारच तोकडी आहे, ही खंतही वाटते. तथापि आजीआजोबांच्या मायेने आईची जागा भरून निघते हे आपले सांत्वनाचे वाक्य मुलाच्या उपयोगाचे नसते. किशोरवयातच आपण मादक पदार्थांच्या आहारी गेलो होतो, हे प्रतीकने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. त्या व्यसनाचे सारे कारण या एका अभावात शोधणे उथळपणाचे होईल. पण ज्याच्या फिर्यादीला प्रतिवादीच नाही, आणि ती दाखल करण्याचे धैर्य केले तर ज्याला भोवतालचा समाज कृतघ्न ठरवील, अशा मुलाला आपली तक्रार कोठे घेऊन जावी हे समजत नाही, एवढे तरी समजून घेण्यास काय हरकत आहे?

आई असणाऱ्या नटीची बाजू मराठीत मांडली गेली आहे, आणि ती मांडली जाणे अत्यंत आवश्यक होते. अकाली वैधव्य आलेल्या, पदरी दोन मुलगे असलेल्या दुर्गा खोटे यांनी आपले आयुष्य ‘मी, दुर्गा खोटे’मध्ये स्वतःच लिहिले. १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभ्या राहिलेल्या कमलाबाई गोखले यांनीही अल्पवयातील वैधव्यानंतर तीन मुलगे वाढविले, चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. त्या घरात आईचा व्यवसाय हेच मुलांचे अंगण होते, त्यामुळे कदाचित प्रश्न इतका तीव्र झाला नसावा.

‘उंबरठा’ मात्र वेगळा विचार करायला भाग पाडतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी १९८२ साली पडद्यावर आणलेल्या या चित्रपटात स्मिता पाटील यांची सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षिका होते. लहान मुलगी घरी राहते आणि आईविना वाढता वाढता दुसरीच्या मायेला लागते. सुलभाचे उंबरठा ओलांडणे न्याय्य होते, असे मी आजही निःसंदिग्धपणे मानतो. परंतु गेल्या चार दशकांत त्या चित्रपटावर जी चर्चा झाली तीत ती मुलगी बहुधा सुलभाने दिलेली किंमत म्हणूनच गणली गेली. ती मोठी झाल्यावर काय म्हणेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आईचे करणे योग्य होते आणि तरीही मुलीचे दुखणे खरे होते, ही दोन विधाने एकाच वेळी मान्य करण्याइतका प्रशस्तपणा आपल्या विचारात अद्याप आलेला नाही. स्मिताबाईंनी मुलाला सोडले नाही, मृत्यूने त्यांना नेले. तेथे दोष देण्यास कोणीच नाही, हे प्रौढ मनाला कळते. अर्भकाच्या ठिकाणी असलेल्या मनाला निघून जाणे आणि नेले जाणे यांतला भेद कसा कळावा?

२०२५ साली प्रतीकने पित्याचे आडनाव गाळून प्रतीक स्मिता पाटील असे नाव धारण केले. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिणे बंधनकारक केले होते. म्हणजे सरकारदरबारी आईच्या नावाला जागा मिळू लागली होती, परंतु पित्याचे नाव काढण्याची मुभा त्यात अभिप्रेत नव्हती. प्रतीकच्या निर्णयावर टीका झाली, ती मुख्यतः पित्याच्या बाजूने. पितापुत्रांमधील हिशेब तपासण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हे मला समजत नाही. मला दुसरी एक शंका वाटते आणि ती अधिक गंभीर आहे. ज्या तुलनेने या माणसाला आयुष्यभर छळले, तिलाच त्याने आता आपल्या स्वाक्षरीत कायमचे स्थान दिले आहे. यापुढे प्रत्येक श्रेयनामावलीत प्रेक्षक आधी तिचे नाव वाचतील आणि मग त्याला पाहतील.

हे त्याला ठाऊक नसेल असे मानणे त्याचा अवमान करण्यासारखे आहे. नाव बदलले तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता, आणि आई ज्या वयात गेली ते वय त्याने २०१८ च्या प्रारंभीच मागे टाकले होते. आज तो ज्या स्त्रीकडे पाहतो ती त्याच्याहून लहान आहे, दरवर्षी अधिकच लहान होत जाणार आहे. एकतिसाव्या वर्षी, पहिल्या बाळंतपणात, ज्यावर घरीदारी वाद माजले होते असा संसार मांडू पाहणारी ती तरुणी त्याच्या तक्रारीचा विषय राहण्याचे वय त्यानेच ओलांडले आहे. मुलाने आईचे नाव लावले असे आपण म्हणतो. मला तर असे वाटते की एका वडीलधाऱ्या माणसाने, जिचे सगळे जग होते पण जिच्या मागे स्वतःचे असे कोणी उभे नव्हते, त्या मुलीला आपल्या घरात घेतले आहे.