म्हाताऱ्या बैलाचं देणं



सामुदायिक प्रार्थना आटोपली, की हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणीतरी म्हणतं, आपणही थकलेल्या जनावरांसाठी काही करू या. एखादी शेड टाकू, उन्हाळ्याच्या शिबिरात लेकरांना तिथे नेऊ, त्यांना दया शिकवू. विचार चांगलाच आहे. पण पत्र्यांचा हिशोब करण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरली पाहिजे. ज्या जनावराचा उपयोग संपला त्याला आपण सांभाळणार, ते दया म्हणून की देणं म्हणून?

दया किती करायची, कधी थांबवायची, हे करणारा ठरवतो. घरी पैसा आला तर केली, हात आखडला तर राहिली. देण्याचं तसं नसतं. ज्याचं द्यायचं आहे त्याने मागितलं नाही म्हणून देणं फिटत नाही. सरकारी माणसाला पेन्शन मिळते तेव्हा सरकारने त्याच्यावर दया केली असं कोणी म्हणतं का?

आता बैलाचा विचार करा. तीन-चार वर्षांचा झाला की त्याच्या खांद्यावर जू येतं. पुढची दहा-बारा वर्षं वखर, डवरा, बंडी. उभ्या कापसात डवरणीला मोठा ट्रॅक्टर जात नाही, तिथे आजही जोडीच लागते. नीट सांभाळला तर बैल अठरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे कष्ट संपल्यावरही त्याची चार-पाच वर्षं उरतात, आणि खरा प्रश्न त्या वर्षांचा आहे. पोळ्याला आपण खांदे शेकतो, शिंगं रंगवतो, पुरणपोळी भरवतो. तो एका दिवसाचा मान झाला. त्याची मजुरी अजून बाकीच आहे.

इथे एक सांगून ठेवतो. म्हातारा बैल विकणाऱ्या कास्तकाराला आपण पापी म्हणायला निघालो, तर हे काम सुरू होण्याआधीच बिघडलं असं समजा. एका मोठ्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला तीन टनांच्या आसपास. पाणी रोज तीस-चाळीस लिटर. पूर्वी आपल्याकडे ज्वारी भरपूर होती, तेव्हा कडब्याच्या गंज्या लागत. आता शिवारात कापूस आणि सोयाबीन. पराटी गव्हाणीत घालून चालत नाही, ती चुलीत जाते. उरतं सोयाबीनचं कुटार. शिवाय जुनी जोडी विकायची, त्यात थोडी भर घालायची आणि नवी घ्यायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. त्याच्या कापसाचा सदरा घालणारे आपण सगळे आणि देणं मात्र एकट्या कास्तकाराच्या नावावर, हा कुठला न्याय?

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आपली सोयरीक आहे. 1956 साली किनवट तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, पण पोळा एकच. कायदे मात्र वेगळे आहेत. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. आपल्याकडे 1977 चा कायदा चालतो. त्यात गाय आणि वासराला पूर्ण संरक्षण आहे, पण शेतीच्या वा पैदाशीच्या दृष्टीने जो बैल किफायतशीर राहिला नाही त्याच्यासाठी दाखला मिळू शकतो. किफायतशीर हा शब्द लक्षात ठेवा. कायद्याने तो वापरला म्हणून रागावण्यात अर्थ नाही. गोठ्यात ‘भाकड’ म्हणताना आपणही तेच मोजत असतो.

पण बंदी घालून प्रश्न सुटतो असंही नाही. बंदीने कत्तल थांबेल, गव्हाणीत कुटार कोण टाकणार? गिऱ्हाईक नाही, चारा नाही, मग जनावर रात्री दुसऱ्याच्या शेतात हाकलून दिलं जातं. तिथे त्याला काठ्या बसतात.

आपल्याच मराठी मुलखात हे देणं फेडणारं एक घर आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी गाव. तिथले सय्यद शब्बीर, सगळे त्यांना शब्बीरमामू म्हणतात. घराणं खाटकाचं. वडिलांनी तो धंदा सोडून जनावरं पाळायला घेतली, मुलाने ती वाढवली. दुष्काळी भाग, प्यायच्या पाण्याची मारामार, तरी शंभरावर जनावरं या कुटुंबाने सांभाळली. 2019 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घराची मुख्य कमाई शेणखताची. बैल द्यायचा तर कास्तकारालाच, आणि म्हातारा किंवा आजारी झाला तर परत आणून द्यायचा, या बोलीवर.

या बोलीत सगळं आलं. बैल दिला तरी त्याच्या म्हातारपणाची जबाबदारी दिली नाही. आणि आणखी एक. जनावरावरची दया बोलता बोलता माणसावरच्या रागात कधी बदलते ते कळतही नाही. तसं कोणी बोलायला लागलं, की मला दहिवंडीचं ते घर आठवतं.

दुसरं उदाहरण सांगलीचं. 2003 पासून तिथे ‘ॲनिमल राहत’ ही संस्था साखर कारखान्यांच्या ऊसगाड्या ओढणाऱ्या बैलांवर मोफत उपचार करते, जुवाला लावलेले टोचणारे खिळे काढून घेते, थकलेल्या बैलांना आपल्या जागेत आणून ठेवते आणि शाळांमधून मुलांशी बोलते. अमेरिकेत 1986 मध्ये अशाच एका मोठ्या आश्रयस्थानाची सुरुवात झाली, ती एका मेंढीपासून. बाजाराच्या आवारात मेलेल्या जनावरांच्या ढिगात ती जिवंत पडली होती. विकण्यासारखी राहिली नव्हती, म्हणून टाकून दिलेली.

आता लेकरांना काय शिकवायचं? शेडवर नेलं की पहिला प्रश्न ठरलेला: “हे दूध देते का?” आपण घाईने सांगतो, दूध नाही देत, पण शेण देते, गोमूत्र देते, त्याचं खत होतं. खोटं काहीच नाही. 2005 च्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने शेणाची किंमत कोहिनूर हिऱ्याहून मोठी असल्याचं म्हटलं आहे. चाऱ्याचा खर्च काढायला शेणखत विकावंच लागेल, दहिवंडीतही तेच चालतं. पण चाऱ्याचे पैसे कुठून येतात हे वेगळं, आणि जनावर का सांभाळायचं हे वेगळं. शेणासाठी सांभाळतो असं सांगितलं, तर आपण लेकराला पुन्हा उपयोगच शिकवला. उद्या मोडक्या पायाचं वासरू आलं, जेमतेम मूठभर शेण टाकणारं, तर ते काय म्हणेल? आणि परवा बाजेवर पडलेल्या आज्याकडे ते कोणत्या नजरेने पाहील? त्या प्रश्नाला साधं उत्तर पुरे आहे: “नाही देत. याने आपलं शेत नांगरलं.”

इतकं झालं ते देण्याचं. दया मात्र आणखी पुढे सुरू होते, जिथे काही देणंच लागत नाही तिथे. म्हशीचं रेडकू घ्या. त्याने ना दूध दिलं, ना नांगर ओढला. वगार झाली तर घरात आनंद, रेडकू झालं तर त्याच्या वाट्याला दूध किती येतं ते गोठ्यात वावरणाऱ्या बायकांना विचारा. ज्ञानेश्वर माउलींनी रेड्यामुखी वेद वदवले असं आपण श्रद्धेने सांगतो, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, लोक दर्शनाला जातात. आणि आपल्या गोठ्यातलं रेडकू दोन महिन्यांत दाव्याला वाळून मरतं. आता तर मादीच वासरं व्हावीत अशा रेतनाच्या मात्राही मिळतात. रेडकू जन्मालाच येऊ नये, ही त्यावर काढलेली तोड. त्याची उपासमार टळेल, हे खरं. पण आपल्याला नको असलेल्याशी कसं वागायचं, ते त्यातून आपण शिकत नाही.

गाडगेबाबा जत्रेजत्रेत फिरून बळी देऊ नका म्हणून हात जोडत. ते बकऱ्या-कोंबड्यांसाठीही होतं, गायीपुरतं नव्हतं. म्हणून आपल्या शेडमध्ये गाय आणि बैल असावेतच, पण एक रेडकू, एक लंगडी बकरीही असू द्या. दूध सोडा असं मी कोणाला म्हणत नाही. घरात चहा होतो, लेकरं दूध पितात. पण त्यातल्याच एखाद्याने विचारलं, की या दुधाचं पिल्लू कुठे आहे, तर त्याला गप्प बसवू नका. जे खरं आहे ते सांगा, आपल्याला अवघड वाटलं तरी.

महाराजांनी ग्रामगीतेत गोवंशसुधाराला स्वतंत्र अध्याय दिला आणि जीवनशिक्षणालाही दिला. दोन्ही एका बैठकीत वाचून पाहा, मग शिबिराचं टिपण तयार करा. लेकरांना तिथे फोटोपुरतं नेऊ नका. शेण काढू द्या, हौदात पाणी भरू द्या, म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलू द्या. एका सकाळच्या भाषणाने जे होत नाही ते आठ दिवस गव्हाण झाडल्याने होतं, असा माझा तरी समज आहे.

शेवटी व्यवहाराचं. जागा कितीही असो, चारा जेवढा तेवढीच जनावरं. दहाचं कुटार असताना चाळीस घेतली तर चाळीसही उपाशी मरतात, आणि वर आपल्या नावाची पाटी असते. अकराव्याला नाही म्हणताना जिवावर येईल, तरी म्हणावं लागेल. आपापल्या गावात काम सुटलेले बैल किती, ते पोळ्याच्या आधी मोजून ठेवा. ज्याच्याकडे आहे त्याच्याच गोठ्यात तो राहिला आणि चाऱ्याचा अर्धा भार इतर घरांनी वाटून घेतला, तर कदाचित शेडही लागणार नाही. सोयाबीनची मळणी झाली की कुटार शेतातच पडून राहतं, काही जण पेटवून देतात. ते उचलायला बंडी कोणाची आणि साठवायला कोरडी जागा कोणाकडे, एवढं ज्याने त्याने आपापल्या ग्रुपवर कळवावं.

जय गुरुदेव.