राखून ठेवलेला वाटा

शास्त्रभाग : रूथ २:१४-१९

१४ फेब्रुवारीला आम्ही उभयता फ्रीगंजमध्ये, टॉवर चौकाजवळच्या एका भारी हॉटेलात जेवावयास गेलो. मेणबत्ती, गुलाब, दोघांपुरतेच टेबल! व्हॅलेंटाइन हा तिसऱ्या शतकातील रोमचा रक्तसाक्षी. त्याच्याविषयी खात्रीची माहिती इतकी थोडी, की १९६९ साली रोमन कॅथॉलिक मंडळीने त्याचा सण आपल्या सर्वसाधारण पंचांगातून वगळला. हॉटेलवाल्यांनी मात्र तो जपला. असो.

पतिपत्नीने निवांत जेवावे यात पाप नाही. बवाजानेही रूथला जेवणवेळी जवळ बोलावले, शिरक्यात भाकर बुडवून खा म्हटले, भाजलेले धान्य स्वतः दिले. ती तृप्त झाली. पण उरले ते तिने राखले. घरी सासू नामी होती ना!

आमची आई निघताना म्हणाली होती, “जा रे, मला दूधभात पुरे.” ते आम्हाला आठवले रसमलाई समोर आल्यावर. सौ.नी तिला चमचाही लावला नाही. सासूला उष्टे कसे न्यावे? वाटी तशीच बांधून घेतली.

रात्री साडेदहाला आई जागीच होती. डब्याकडे न पाहता तिने नामीसारखेच आधी विचारले, “आज कुठं गं गेला होता?”

सौ. खाटेवर टेकल्या आणि सांगू लागल्या.